पाचवा महिना उलटायच्या आत: मांजराच्या पिल्लाची नसबंदी कधी आणि कशी करावी

वर्षातून तीन-चार वेळा तरी मला एकच फोन येतो. "पिल्लू रात्रभर ओरडतंय. जमिनीवर लोळतंय, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग वर करतंय. पोटात दुखत असेल का?" मी वय विचारते. उत्तर येतं, "अजून लहान आहे हो, पाचवा महिना नुकता लागलाय." तिच्या पोटात काहीही दुखत नसतं. ती माजावर आलेली असते. फोन करणारी व्यक्ती मात्र "सहा महिने झाले की ऑपरेशन करू" म्हणून निवांत बसलेली असते.

मीही एकदा तशीच निवांत बसले होते. आमची ठिपकी साडेपाच महिन्यांची असताना एका संध्याकाळी दाराच्या फटीतून सटकली आणि सकाळी परत आली. नऊ आठवड्यांनी ती व्यायली. तीन पिल्लं झाली, आणि आई स्वतः अजून दोरीच्या टोकामागे धावणारं पोर. ऑपरेशनची तारीख मी घेतली होती, पण ती पुढच्या आठवड्यातली. बैल गेला आणि झोपा केला, तो असा.

तेव्हापासून पिल्लू घरात येतं त्या दिवशीच मी दिनदर्शिकेवर एक खूण करते. ती खूण कुठे करायची आणि त्या दिवसापर्यंत काय तयारी ठेवायची, ते इथे सविस्तर लिहिते.

आधी उत्तर: चार ते पाच महिने

निरोगी पिल्लाचं, नर असो वा मादी, ऑपरेशन चौथा महिना पूर्ण झाल्यावर आणि पाचवा पूर्ण व्हायच्या आत उरकावं. म्हणजे साधारण सोळावा ते विसावा आठवडा.

सहा महिन्यांचा आकडा लोकांच्या डोक्यात घट्ट बसलाय, आणि काही दवाखान्यांतही तोच सांगतात. भुलीची औषधं आणि उपकरणं आजच्यासारखी नव्हती तेव्हा जनावर जितकं मोठं तितकं सुरक्षित, असा सरळ हिशेब होता. तो काळ मागे पडला, आकडा मात्र राहिला. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या एका तज्ज्ञ गटाने २०१६ मध्ये मांजरांची नसबंदी पाच महिन्यांच्या आत करावी अशी शिफारस केली आणि २०१७ मध्ये अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनने तिला पाठिंबा दिला. ब्रिटनमधली 'इंटरनॅशनल कॅट केअर' ही संस्था तर चार महिन्यांचंच वय सुचवते. निवारा केंद्रांत याहूनही लवकर, सहा-आठ आठवड्यांच्या आणि किलोभर वजनाच्या पिल्लांची ऑपरेशनं होतात. तिथलं कारण वेगळं असतं. दत्तक गेलेलं पिल्लू पुन्हा ऑपरेशनसाठी परत येईल याची खात्री नसते. घरातल्या पिल्लासाठी एवढी घाई करायचं कारण नाही, पण त्या वयातही ऑपरेशन होऊ शकतं हे कळलं की चार महिन्यांची भीती कमी होते.

चारच का? मादी पिल्लू साधारण पाच ते नऊ महिन्यांच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येतं, पण चौथ्या महिन्यातच आलेली पिल्लंही असतात. सयामी, बर्मीज यांसारख्या आखूड केसांच्या जाती लवकर वयात येतात, पर्शियनसारख्या लांब केसांच्या उशिरा. वजन साधारण सव्वादोन-अडीच किलोच्या आसपास पोहोचलं की शरीर तयार व्हायला लागतं. त्यात प्रकाशाचाही हात असतो. दिवस मोठा झाला, बारा-चौदा तास उजेड मिळू लागला, की मांजरीची माजाची चक्रं सुरू होतात. घरात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतील तर तिच्या शरीराच्या लेखी वर्षभर उन्हाळाच असतो. म्हणून "हा काही माजाचा हंगाम नाही" या भरवशावर राहू नका.

शिवाय मांजरीत बीजांड सुटतं तेच मुळी बोक्याशी संग झाल्यावर. त्यामुळे दिवस चुकला, वेळ टळली असं तिच्या बाबतीत सहसा होत नाही. माजावर असताना बाहेर पडली की ती गाभण राहण्याची शक्यता फार मोठी. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हेही त्यामुळेच. संग झाला नाही तर माज सरासरी आठवडाभर टिकतो, ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. ज्यांनी ही रडारड दोन-तीनदा ऐकलीय त्यांना ऑपरेशनचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत वजनदार कारण मात्र स्तनाच्या कर्करोगाचं आहे. मांजरीच्या स्तनातल्या गाठींपैकी ८५ ते ९० टक्के घातक निघतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींमध्ये हा धोका ९१ टक्क्यांनी कमी होता, वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी. तेरा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान झाली तर फायदा अवघा ११ टक्के, आणि दोन वर्षांनंतर या बाबतीत काहीच नाही. म्हणजे "करायचीच आहे, करू कधीतरी" यात मोठा फायदा हातातून निसटतो. गर्भाशयात पू होण्याचा आजार टळतो तो फायदा मात्र कोणत्याही वयात मिळतो, म्हणून मोठ्या मांजरीचंही ऑपरेशन करावंच.

वय नक्की माहीत नसेल तर

रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाबरोबर जन्मदाखला येत नाही. अशा वेळी दात बघा. सहा ते आठ आठवड्यांत दुधाचे सगळे दात आलेले असतात. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास समोरचे बारीक दात पडून जरा मोठे, पक्के दात दिसू लागतात. ते दिसले की ऑपरेशनची वेळ आली समजा. चारही सुळे पक्के आले असतील तर पिल्लू सहा महिन्यांच्या आसपास किंवा पुढे गेलंय, म्हणजे तुम्हाला उशीर झालाय.

वजनाचा ठोकताळा महिन्याला साधारण साडेचारशे ग्रॅमचा. दोन महिन्यांचं पिल्लू नऊशे ग्रॅम, चार महिन्यांचं एक किलो आठशेच्या जवळपास. पण उपासमार झालेलं पिल्लू वजनाने फसवतं. तिथे दातांवर भरवसा ठेवावा.

नर की मादी हेही एकदा डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. शेपटीखाली दोन छिद्रांमधलं अंतर कमी आणि खालचं उभ्या चिरेसारखं असेल तर मादी; अंतर जास्त आणि खालचं टिंबासारखं गोल असेल तर नर. तीनरंगी पिल्लू जवळजवळ नेहमी मादीच असतं. काळा आणि नारिंगी हे दोन्ही रंग अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात, म्हणून. हे सगळं माहीत असूनही मी एका 'राणी'ला तीन महिने राणी म्हणत होते. तो बोका निघाला. तो अजूनही त्याच नावाला ओ देतो.

पायरी पहिली: तारीख उलट्या दिशेने मोजा

पिल्लू दोन महिन्यांचं असताना घरी आलं असं धरू. आठव्या आठवड्यात पहिली लस, बाराव्यात दुसरी, सोळाव्यात तिसरी, असा सर्वसाधारण क्रम असतो. रेबीजची लस बाराव्या आठवड्यानंतर. जंतांचं औषध पहिल्या भेटीपासून सुरू. तिसरी लस झाली की एक-दोन आठवड्यांनी ऑपरेशन, म्हणजे सतरावा-अठरावा आठवडा. एवढं गणित पहिल्याच भेटीत डॉक्टरांसमोर मांडा आणि तारीख तेव्हाच मागा. तारखा महिना-महिना आधी भरतात. आमच्या ठिपकीची गोष्ट तिथेच बिनसली होती: मी पाचवा महिना सरल्यावर तारीख मागायला गेले.

पिल्लू मध्येच आजारी पडलं, नाक वाहतंय, जुलाब होताहेत, तर तारीख पुढे ढकला. बरं झाल्यावर लगेच नवी घ्या. नुसतं "बघू" म्हणाल तर दोन महिने कुठे गेले कळणार नाही. आणि तारीख पुढे गेली की खिडक्या-दारांवर दुप्पट लक्ष.

घरात भाऊ-बहीण वाढत असतील तर कुणाचं आधी, हा प्रश्न नेहमी येतो. शक्यतो दोघांचं एकाच दिवशी. भाऊ-बहीण असल्याने एकमेकांकडे जाणार नाहीत हा समज अगदी खोटा आहे, मांजरांना नातं कळत नाही. एकाच दिवशी जमत नसेल तर बोक्याचं आधी करून भागणार नाही. ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्या शरीरात शुक्राणू शिल्लक राहू शकतात. चार ते सहा आठवडे त्याला माजावर येऊ शकणाऱ्या मादीपासून दूर ठेवावं लागतं. म्हणून एकाचंच करायचं झालं तर मादीचं आधी.

पायरी दुसरी: डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी

लोक इथे संकोचतात. संकोचू नका, चांगल्या डॉक्टरांना प्रश्न आवडतात.

भूल कशाने देणार आणि ऑपरेशन चालू असताना श्वास, हृदयाचे ठोके, शरीराचं तापमान यांवर लक्ष कोण ठेवणार? लहान पिल्लाच्या बाबतीत शस्त्रक्रियेपेक्षा थंडी आणि साखर उतरणं या दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात. अंग लहान, चरबी कमी, त्यामुळे ते भराभर गार पडतं. पिल्लाला ऊब देण्याची काय सोय आहे हे विचारा. त्या उत्तरावरून दवाखाना पिल्लांची ऑपरेशनं नेहमी करतो की नाही ते कळतं.

वेदनाशामक ऑपरेशनच्या आधी देणार का, आणि घरी किती दिवसांचं देणार? "मांजरांना फार दुखत नाही" असं कुणी म्हणालं तर दुसरा दवाखाना शोधा. मांजर दुखणं लपवतं, एवढाच त्याचा अर्थ.

टाके विरघळणारे की काढायचे? कापणार कुठे, पोटाच्या मध्यावर की कुशीला? दोन्ही पद्धती योग्य आहेत, फक्त घरी आल्यावर जखम कुठे बघायची ते माहीत हवं. रक्ततपासणी करायची का, तेही विचारा. चपट्या नाकाची जात असेल तर भुलीच्या वेळी श्वासाची काळजी जास्त घ्यावी लागते. मेन कूनसारख्या जातीत हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक आजार आढळतो, त्यामुळे हृदयाची तपासणी आधी करावी का हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मायक्रोचिप (ओळख पटवण्यासाठी कातडीखाली बसवतात ती छोटी चिप) बसवायची असेल तर याच भुलीत बसवून घ्या. सुई जाड असते, पिल्लू झोपेत असलेलं बरं.

पायरी तिसरी: आदला आठवडा आणि ती सकाळ

आठवडाभर आधी कॅरिअर बाहेर काढून उघडं ठेवा. आत पिल्लाची रोजची चादर घाला आणि एखाद-दोन वेळचं खाणं आतच द्या. नाहीतर ऑपरेशनच्या सकाळी पलंगाखाली पाठलाग सुरू होतो, आणि घाबरलेल्या पिल्लाला भूलही नीट चढत नाही.

आता उपाशी ठेवण्याबद्दल. इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून जरा थांबून वाचा. माणसांच्या ऑपरेशनच्या सवयीने लोक पिल्लाला रात्री आठपासून उपाशी ठेवतात. मोठ्या मांजराला ते चालून जातं. चार महिन्यांच्या पिल्लाच्या शरीरात साखरेचा साठा तुटपुंजा असतो. बारा-चौदा तास उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरून ते भुलीआधीच मलूल पडू शकतं. एवढ्या लहान पिल्लाला साधारण दोन ते चार तासच उपाशी ठेवतात. अनेक डॉक्टर सकाळी लवकर थोडंसं ओलं खाणं द्यायलाच सांगतात. पाणी तर निघेपर्यंत समोर असू द्यावं. तुमच्या डॉक्टरांचा आकडा त्यांना विचारून लिहून घ्या, आणि "रात्रीपासून काही देऊ नका" असा सरसकट निरोप आला तर पिल्लाचं वय सांगून पुन्हा विचारा. स्वागतकक्षातला निरोप बऱ्याचदा सगळ्यांना सारखाच दिलेला असतो.

घरात दुसरं मांजर असेल तर त्याची वाटी त्या सकाळी उचलून ठेवा. पिल्लू ती चाटून पुसून येतं आणि तुम्ही छातीठोकपणे "काही खाल्लं नाही" म्हणून सांगता. असं झालंच तर खरं सांगा, लपवू नका. पोटात अन्न असताना भूल दिली आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

आत काय होतं

मादीचं पोट उघडून बीजांडकोश, आणि बहुधा गर्भाशयही, काढतात. काही ठिकाणी फक्त बीजांडकोश काढतात. तेही पुरेसं असतं. पिल्लाच्या पोटात चरबी कमी आणि रक्तवाहिन्या बारीक, त्यामुळे काम सोपं होतं आणि रक्तस्राव कमी होतो. लहान पिल्लं मोठ्या मांजरांपेक्षा लवकर उठून खेळायला लागतात, हे पहिल्यांदा बघताना मलाही खोटं वाटलं होतं. नराचं ऑपरेशन काही मिनिटांचं: वृषणाच्या पिशवीला छोटा छेद देऊन दोन्ही वृषणं काढतात. बहुतेकदा टाकाही घालत नाहीत.

एक अपवाद. एखाद्या बोक्याचं एक किंवा दोन्ही वृषणं खाली उतरलेलीच नसतात. डॉक्टर चार महिन्यांच्या तपासणीत ते हाताने चाचपून सांगतील. अशा वेळी थोडं थांबायला सांगतात, पण न उतरलेलं वृषण पोटातच सोडून द्यायचं नसतं. ते हार्मोन तयार करतच राहतं, बोका जागोजागी मुतत फिरतो आणि पुढे गाठीचा धोकाही असतो. तेव्हा पोट उघडून ते काढावं लागतं. दोष आनुवंशिक असल्यामुळे "एक तर आहे, राहू द्या" म्हणून अशा बोक्यापासून पिल्लं घेऊ नयेत.

पायरी चौथी: घरी आल्यावरचे दहा-चौदा दिवस

पहिली रात्र विचित्र असते. पिल्लू झिंगल्यासारखं चालतं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिसरी पापणी अर्धवट वर आलेली दिसते, बाहुल्या मोठ्या असतात. हे भुलीचं उरलेलं आहे, सकाळपर्यंत जातं. त्याला एका छोट्या, उबदार, अंधुक खोलीत ठेवा. पलंग, खुर्ची, कपाट, उडी मारता येईल असं काही नको. अंथरूण जमिनीवर. ऊब द्यायला गरम पाण्याची बाटली ठेवली तर ती कापडात गुंडाळून, आणि पिल्लाला दूर सरकता येईल अशी. अर्धवट शुद्धीतलं पिल्लू भाजत असलं तरी हलत नाही.

खाणं लवकर द्या, पण थोडं. पूर्ण जागं झालं, मान सावरली, की नेहमीच्या खाण्याचा चौथा हिस्सा. ते टिकलं तर दोन-तीन तासांनी आणखी. एखादी उलटी चालेल. लहान पिल्लाने दुसऱ्या सकाळपर्यंत तोंडच लावलं नाही तर फोन करा, त्याच्या बाबतीत चोवीस तास वाट बघायची नसते.

दिवसातून दोनदा जखम बघा आणि पहिल्या दिवशी फोनवर एक फोटो काढून ठेवा. चौथ्या दिवशी "सूज वाढलीय का?" हा प्रश्न पडतो तेव्हा तो फोटो कामाला येतो. कडा जुळलेल्या, किंचित गुलाबी, कोरडी, हाताला हलकी गाठ, असं असेल तर ठीक आहे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आतल्या टाक्यांभोवती छोटी टणक गाठ येणंही नेहमीचं आहे. थेंबथेंब रक्त गळत राहणं, पू, दुर्गंधी, कडा उघडणं, आतलं काही बाहेर डोकावणं, पांढुरक्या पडलेल्या हिरड्या, चोवीस तासांत लघवी न होणं, वारंवार उलट्या, दुसऱ्या दिवशीही न उठणं: यातलं एक जरी दिसलं तरी रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना गाठा.

आता गळ्यातला कोन, म्हणजे जखम चाटता येऊ नये म्हणून घालतात तो शंकूसारखा पट्टा. पिल्लू त्याचा तिरस्कार करेल, भिंतींना धडकेल, तुमच्याकडे दगा दिल्यासारखं बघेल. तरी काढू नका. मांजराची जीभ कानशीसारखी असते; वीस मिनिटं मनासारखं चाटायला मिळालं तर टाके सुटू शकतात. अगदीच सहन होत नसेल तर अंगात घालायचे ऑपरेशनचे कपडे मिळतात, त्यांचा उपयोग होतो. नराला मात्र ते कपडे फारसे उपयोगाचे नाहीत, जखम जिथे आहे तिथे ते पोचत नाहीत.

अंघोळ नाही, जखमेवर मलम नाही, हळद नाही, जंतुनाशक नाही. डॉक्टरांनी दिलं असेल तेवढंच. आणि हे ठळक अक्षरांत वाचा: माणसांचं दुखण्याचं औषध मांजराला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध पचवण्याची यंत्रणाच मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. आयबुप्रोफेन तसंच घातक.

लिटरची (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधली) माती बारीक, भुकटी होणारी असेल तर आठवडाभर तिच्याऐवजी फाडलेला कागद वापरा. बोक्याची जखम उघडी असते, माती चिकटते. आणि एक गंमत: ऑपरेशननंतर बोक्याची पिशवी काही दिवस फुगलेलीच दिसते. "काढलंच नाही वाटतं" म्हणून तावातावाने दवाखान्यात गेलेले लोक मला माहीत आहेत. रिकामी पिशवी आहे ती, हळूहळू आक्रसते.

सगळ्यांत अवघड काम म्हणजे तिसऱ्या दिवसापासून पिल्लाला शांत ठेवणं. ते उड्या मारायला तयार असतं. आतली जखम मात्र भरलेली नसते. मी या काळात खेळ जमिनीवरच ठेवते, खाण्याचे दाणे चादरीच्या घडीत लपवून शोधायला लावते. पूर्ण मोकळीक टाके काढल्यावर किंवा दहा-चौदा दिवसांच्या तपासणीनंतर.

घरातलं दुसरं मांजर परत आलेल्या पिल्लावर फिसकारलं तर घाबरू नका. पिल्लाच्या अंगाला दवाखान्याचा वास लागलेला असतो आणि मांजर ओळखतं ते वासाने. एक-दोन दिवस वेगळं ठेवा, एकाची चादर दुसऱ्याला द्या. सख्ख्या भावंडांतही हे होतं. एकत्र ऑपरेशन करण्याचा हा आणखी एक फायदा, दोघांना सारखाच वास येतो.

उशीर झालाच असेल तर

माजावर असतानाही ऑपरेशन करता येतं. गर्भाशयाला रक्तपुरवठा वाढलेला असल्याने काम थोडं जिकिरीचं होतं, म्हणून काही डॉक्टर माज ओसरेपर्यंत थांबतात. थांबायचं ठरलं तर दारं-खिडक्या बंद, आणि नसबंदी न झालेला बोका घरात नको. माज पुढे ढकलण्याच्या हार्मोनच्या गोळ्या-इंजेक्शनांच्या वाटेला जाऊ नका. त्यांनी स्तनांत गाठी, गर्भाशयात पू आणि मधुमेह होऊ शकतो.

गाभण असल्याचं कळलं तर निर्णय लवकर घ्या. गर्भारपण साधारण ६३ ते ६७ दिवसांचं असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत ऑपरेशन करता येतं, त्यात गर्भही जातो. हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पिल्लं वाढवायची ठरलं तर प्रत्येकाला घर मिळेल का हे आधी बघा. व्यायलेल्या मांजरीचं ऑपरेशन पिल्लं खायला लागून दूध तुटल्यावर, साधारण सहा-आठ आठवड्यांनी. तोवर ती बाहेर जाता कामा नये. पाजत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहते.

"एक वेत होऊ द्यावं, स्वभाव शांत होतो" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त स्तनाच्या कर्करोगाचे आकडे सांगते. आणि "लवकर केलं तर बोक्याची मूत्रनळी अरुंद राहते" या भीतीवर नव्वदच्या दशकात मोजमापं घेऊन अभ्यास झाले. लवकर आणि उशिरा नसबंदी केलेल्या बोक्यांत असा फरक सापडला नाही. हाडांची वाढ मात्र थोडी जास्त काळ चालू राहते, त्यामुळे असे बोके किंचित लांबट पायांचे होतात. दिसायला वाईट नाहीत.

पुढचे महिने

नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज साधारण पाव हिस्स्याने घटते. म्हणून जाडी येते, ऑपरेशनने आपोआप नाही. पिल्लांचं खाणं वर्षभर चालू ठेवा, पण वाटी भरून ठेवणं बंद करा आणि दोन-तीन वेळा मोजून द्या. दर महिन्याला वजन करा: आधी स्वतः काट्यावर उभं राहायचं, मग मांजराला घेऊन, आणि वजाबाकी. पाठीवरून हात फिरवताना बरगड्या सहज लागल्या पाहिजेत, दिसता कामा नयेत.

बोक्याचं भिंतींवर मुतणं, रात्री पळून जाणं, मारामाऱ्या करून फाटके कान घेऊन परतणं हे लवकर ऑपरेशन झालं तर बहुतेकदा सुरूच होत नाही. तरीही नसबंदी झालेल्या दहांतला एखादा बोका फवारणी करतोच. अशा वेळी लघवीचा आजार आहे का ते आधी तपासून घ्या, विशेषतः लिटरमध्ये बसून तो ताण देत असेल आणि थेंबही येत नसेल तर त्याच तासाला. बोक्याचा लघवीचा मार्ग बंद होणं जीवघेणं असतं.

आणि मादीचं ऑपरेशन होऊन काही महिन्यांनी ती पुन्हा लोळायला, ओरडायला, शेपूट बाजूला करायला लागली, तर तो तुमचा भास नाही. क्वचित बीजांडकोशाचा छोटा तुकडा आत राहून गेलेला असतो. मोबाइलवर तिचा व्हिडिओ घ्या आणि लक्षणं चालू आहेत तेव्हाच तिला डॉक्टरांकडे न्या. हार्मोनची रक्ततपासणी त्याच दिवसांत खरं काय ते सांगते, आणि तो तुकडा पुन्हा ऑपरेशन करून काढता येतो.